या चुका टाळा: सगळा धंदा एकाच खुंटीला टांगलाय का?

मी कारखान्यांचे संगणक आणि सर्व्हर सांभाळतो. भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते, म्हणून माझा फोन शुक्रवारी सकाळी वाजतो. गुरुवारी महावितरण दुरुस्तीसाठी लाइट घालवतं, यूपीएसमधला जीव केव्हाच गेलेला असतो आणि कोपऱ्यातला सर्व्हर धाडकन बंद पडलेला असतो. अशाच एका शुक्रवारी एका प्रेस-शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, गेलो. सर्व्हरची हार्ड डिस्क गेली होती. अकाउंट बघणाऱ्या ताई मात्र निवांत. "सर, बॅकअप आहे ना. मी रोज घेते." त्यांनी पर्समधून पेनड्राइव्ह काढून दिला. दोन वर्षांचे फोल्डर, तारखेनिशी, एक दिवस चुकलेला नाही. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एकच फाइल: टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा आयकॉन. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट, म्हणजे टॅली उघडायचं नुसतं बटण, आत हिशोब काहीच नाही. साइज दोन केबी.

ताईंना कुणीतरी सांगितलं होतं, "रोज टॅली पेनड्राइव्हवर कॉपी करत जा." त्यांनी केली. दोन वर्षांत ती कॉपी दुसऱ्या मशीनवर एकदाही कुणी उघडून पाहिली नाही, चूक ती होती. मालकाची, आणि थोडी माझीही, कारण तिथली एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचं कंत्राट, माझ्याकडे होती. मार्चपर्यंतचा डेटा सीएच्या ऑफिसात सापडला. पुढचा जीएसटी पोर्टलवरून गोळा केला, विक्री जीएसटीआर-१ या विवरणपत्रातून, खरेदी २बी मधून, आणि उरलेला छापील बिलांवरून. तीन आठवडे दोन माणसं तेवढंच करत होती.

बॅकअप "घेतला" म्हणजे झालं, हा समज

टॅलीचा खरा माल असतो डेटा फोल्डरमध्ये, १००००, १०००१ अशा आकडी नावांचे उपफोल्डर असतात त्यांत. मागच्या वर्षीची कंपनी एका फोल्डरात आणि चालू वर्षाची भलत्याच ड्राइव्हवर, असंही सर्रास दिसतं. म्हणून बॅकअप बघायचा तर फाइल आहे का एवढं बघून भागत नाही. सर्व्हरशी संबंध नसलेल्या लॅपटॉपवर तो रिस्टोअर करा, म्हणजे प्रतीवरून डेटा पुन्हा उभा करा, शेवटचा व्हाउचर नंबर कालचा आहे का बघा, ट्रायल बॅलन्स जुळवा. आणि किती वेळ लागला तो कागदावर लिहून ठेवा. धंदा बंद पडेल तेव्हा मालक पहिला प्रश्न "किती वेळ लागेल?" हाच विचारणार आहे.

दुसरी चूक जास्त महागात पडते: बॅकअपची बाहेरची डिस्क कायम सर्व्हरला जोडलेली. रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, कामाला लागलं की डी ड्राइव्ह आणि जोडलेली डिस्क यांत भेदभाव करत नाही. "आमचं गुगल ड्राइव्हवर आहे" हे उत्तरही अर्धंच. जे फोल्डर आपोआप सिंक होतं, त्यातली लॉक झालेली फाइलही तितक्याच इमानदारीने वर चढते. जुन्या आवृत्त्या तिथे तीस दिवस मिळतात खऱ्या, पण हजारो फायली एकेक करून मागे नेऊन बघा, मग कळेल. आमच्या धंद्यात ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक इमारतीबाहेर.

"बाहेर" या शब्दाशी लोक खेळतात. सर्व्हर टेबलाखाली आणि बॅकअप वरच्या कपाटात, हे बाहेर नव्हे. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा संगणक, पेनड्राइव्ह आणि कागदी वह्या एकाच चिखलात गेल्या. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरने हेच पाहिलं होतं.

मोठ्यांचंही वेगळं नसतं. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला, त्यात मर्स्क ही जहाज कंपनी आडवी झाली. तिच्या ताब्यातलं आपल्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही अडकलं. मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरचे बॅकअप होते. नव्हता तो डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे कुणाला कुठे लॉगिन करू द्यायचं हे ठरवणाऱ्या सर्व्हरचा. असे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकमेकांची नक्कल ठेवत होते, म्हणून वेगळ्या प्रतीची गरज कुणाला वाटली नव्हती. सगळे एकदम गेले. वाचला फक्त घानातल्या ऑफिसमधला एक, कारण तिथे तेव्हा लाइट गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. त्या एकावरून त्यांनी दहा दिवसांत चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक पुन्हा उभे केले. महावितरणच्या नावाने बोटं मोडताना मला अधूनमधून घाना आठवतं.

मागचं दार उघडं, पुढच्या दाराला महागडं कुलूप

मालकाला घरून टॅली बघायची असते. राउटर बसवायला आलेला पोरगा पाच मिनिटांत पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो, ३३८९ नंबरचा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडा. पासवर्ड कंपनीच्या नावापुढे १२३. मग हाच मालक दरवर्षी हजारो रुपयांचा अँटिव्हायरस घेतो आणि मला बिल दाखवतो.

तुमच्याकडे असं असेल तर सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिक्युरिटीच्या नोंदींत जा आणि ४६२५ नंबर शोधा. ही फसलेल्या लॉगिनची नोंद. एका फाउंड्रीत मी ती यादी मालकासमोर उघडली. लॉगिनचं नाव कधी अॅडमिनिस्ट्रेटर, कधी अॅडमिन, कधी टॅली, कधी नुसतं युजर, दर दोन-तीन सेकंदाला एक प्रयत्न, रात्री दोन वाजताही. मालक म्हणाले, "हे कोण आहेत?" कुणी नाही. मशीन आहेत. तुमचं नाव त्यांना ठाऊकही नाही, उघडं दार दिसलं की ढकलून बघतात.

तो पोर्ट आजच बंद करा. घरून काम हवंच असेल तर आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसात यायचा कुलूपबंद खासगी रस्ता, आणि त्यावर मोबाइलचा ओटीपी. रोजच्या वापराचं लॉगिन अॅडमिन अधिकारांचं नको. आणि दुरून संगणक चालवायचं एनीडेस्क कुणाकुणाच्या मशीनवर कायमच्या पासवर्डसह पडून आहे तेही बघा. मागच्या वर्षी प्रिंटर दुरुस्त करून गेलेल्या माणसाकडेही तो पासवर्ड असतो.

अपडेटबद्दल फार बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी करत नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर आला, त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मात्र सीएनसी मशीनला (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या कारखान्यातल्या मशीनला) जोडलेल्या जुन्या विंडोज ७ ला हात लावू नका, मशीनचं सॉफ्टवेअर नव्यावर चालेलच असं नाही. ते संगणक वेगळ्या स्विचवर घ्या, इंटरनेट काढून टाका आणि प्रोग्राम न्यायला एक ठरलेला पेनड्राइव्ह ठेवा, ज्यात पोरांची गाणी नसतील.

एका माणसाच्या मोबाइलवर चालणारी कंपनी

सगळ्यात जास्त वेळा मी हीच चूक पाहतो, आणि हिच्यात व्हायरसचा काही हात नसतो. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल (माल गाडीने पाठवायला लागतं ते) आणि ई-इन्व्हॉइस पोर्टलवर ओटीपी सगळ्यांना सक्तीचा झाला. ओटीपी जातो नोंदवलेल्या मोबाइलवर. एका ठिकाणी तो मोबाइल दिवाळीत नोकरी सोडून गावी गेलेल्या अकाउंटंटचा होता. गाडी भरून गेटवर उभी, ड्रायव्हर चहावर चहा पितोय आणि साताऱ्याकडच्या शिवारात फोनला रेंज नाही. चार तास. पोर्टलवर सब-युजर करता येतात, प्रत्येकाचा मोबाइल वेगळा. दोन माणसं तरी ठेवा, आणि माणूस सोडून जाताना हिशोबासोबत हेही बदला.

डोमेन तसंच. कंपनीच्या वेबसाइटचं नाव कधीकाळी भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून घेतलेलं. भाचा आता कॅनडात, रिन्यूअलची आठवण त्याच्या स्पॅममध्ये, आणि एका सकाळी अख्ख्या कंपनीचे मेल बंद. डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, डोंगल चोवीस तास मशीनला लावलेलं, पिन मॉनिटरला चिकटवलेला. पासवर्डची फाइल त्याच सर्व्हरवर, ज्याच्यासाठी ते पासवर्ड लागतात.

या शेवटच्याची मोठी प्रचिती १९ जुलै २०२४ ला आली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. इलाज साधा होता: सेफ मोडमध्ये जा, एक फाइल उडवा. पण जिथे बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, लावलेला, तिथे आधी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जायची. आणि कित्येकांच्या किया ज्या सर्व्हरवर होत्या, तोच बंद. त्या किया छापून, पाकिटात घालून तिजोरीत ठेवा.

लाइट, नेट आणि जेसीबी

यूपीएस आहे, पण चालतो का? आतली छोटी बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, बाहेरचा हिरवा दिवा मात्र लागलेलाच राहतो. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी काम सेव्ह केल्यावर मेन प्लग काढून घड्याळ लावा. यूपीएससोबत बहुधा एक यूएसबी केबल आलेली असते, बॅटरी संपत आली की सर्व्हरला शहाण्यासारखं बंद करण्यासाठी. दहांपैकी आठ ठिकाणी ती मला खोक्यातच सापडते.

इंटरनेटची दोन कनेक्शन घेतली म्हणून खूश होऊ नका. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर रस्ता खोदणाऱ्या जेसीबीला कंपन्यांची नावं वाचता येत नाहीत. दुसरं कनेक्शन सिमवरचं घ्या. आणि नेटच नसलं तर काय चालू ठेवायचं ते आधी ठरवा. छापलेलं चलन बुक, ग्राहकांच्या फोन नंबरांची प्रिंट, या आठवड्याचं डिस्पॅच शेड्यूल, एवढं कागदावर असलं तरी दोन दिवस निघतात.

फायली लॉक झाल्याच तर

आधी नेटवर्कची वायर काढा, स्विचचीच काढली तर उत्तम, आणि वायफाय बंद करा. मशीन लगेच बंद करू नका, मेमरीत पुरावे असतात. धमकीच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्या. आता हात शिवशिवतात आणि माणूस सगळ्यात वाईट गोष्ट करतो: "बघू तरी बॅकअप नीट आहे का" म्हणून एकुलती चांगली डिस्क त्याच मशीनला लावतो. तीही जाते. माझ्यासमोर एकदा अशी गेली आहे, मी जिन्यावरून ओरडत होतो तोवर.

फॉरमॅटही करू नका. लॉक झालेली डिस्क काढून बाजूला ठेवा, नवीन डिस्कवर सगळं उभं करा. नो मोअर रॅन्सम ही युरोपोल आणि इतरांची मोफत सेवा काही जुन्या रॅन्समवेअरच्या चाव्या देते. आज चावी नसली तरी पुढे येऊ शकते. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रांनी आपोआप ठेवलेल्या नोंदी, जपायचे असतात. तुमच्या राउटरचे लॉग चालू आहेत का, हे त्या दिवशी नाही, आज बघा. खंडणी द्यायला मी कुणाला सांगत नाही. पैसे घेऊन चावी देईल असा चोराचा शब्द कुठल्या कोर्टात चालतो?

पैसेच गेले असतील तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, तासाभरात लावला तर रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता असते. नेहमीच्या सप्लायरकडून "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल आला की त्या मेलमधल्या नंबरवर खात्री करू नका, जुन्या डायरीतल्या नंबरवर फोन करा. आणि सुट्ट्यांना जपा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ९४ कोटींचा हल्ला ११ ऑगस्ट २०१८ ला सुरू झाला, शनिवारी.

त्या प्रेस-शॉपमधल्या ताई आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी स्वतः रिस्टोअर करतात आणि वेळ वहीत लिहितात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला: "सर, नेहमी चाळीस मिनिटं लागतात, या वेळी सत्तर लागली. डेटा तर तेवढाच आहे." जाऊन पाहिलं तर बॅकअपच्या डिस्कवर बॅड सेक्टर, म्हणजे खराब झालेले भाग, वाढत चालले होते. सोमवारी नवीन डिस्क टाकली.