पडद्यावरची उंची, पायाखालची दरी: बेळगाव-खानापुरात ड्रोन उडवताना या चुका टाळा

राजहंसगडाच्या तटावरून ड्रोन सोडून खालच्या शेतांवर नेला, की रिमोटच्या पडद्यावर उंची दिसते ४० मीटर. वाटतं, फार वर नाही अजून. पण ड्रोन उंची मोजतो ती जिथून उडाला त्या जागेपासून. खालची जमीन समजा शंभर मीटर खोल असेल, तर तो शेतांपासून १४० मीटरवर आहे. नियमातली १२० मीटरची मर्यादा केव्हाच मागे पडली, आणि आकडा मात्र ४० वरच उभा.

सपाट मुलखात ही चूक खपून जाते. आपल्याकडे खपत नाही. खानापूरच्या पश्चिमेला घाटमाथा, मध्येच उभे राहिलेले गड, गोकाकला नदीनं कापलेली घळ, हिडकल आणि नविलुतीर्थाची धरणं. दोनशे पावलांत जमिनीची पातळी बदलते. मी पाहिलेले बहुतेक अपघात उडवणाऱ्याचं लक्ष पडद्यावर होतं, जमिनीवर नव्हतं, म्हणून झाले. त्यातला एक माझाच.

परतीची उंची न बदलता उडवणं

कणकुंबीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभा राहून मी ड्रोन सोडला होता. समोरचा डोंगरमाथा ओलांडून पलीकडच्या दरीत धुकं उतरत होतं, ते हवं होतं. ड्रोन माथ्यापलीकडे खाली उतरला आणि सिग्नल तुटला. सिग्नल तुटला की ड्रोन ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत घराकडे, म्हणजे उड्डाणाच्या जागेकडे निघतो. माझी परतीची उंची होती ३० मीटर, तीही रस्त्यापासून मोजलेली. मधला माथा रस्त्यापासून त्याहून उंच होता. ड्रोननं सांगितलं तेच केलं आणि एका ऐनाच्या झाडात जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी गुरं राखणाऱ्या एका मामांनी तो शोधून दिला. दोन पाती तुटली होती, गिंबलची, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या यंत्रणेची, पट्टी फाटली होती.

तेव्हापासून मी एक काम चुकवत नाही. उड्डाणाच्या जागेवरच ड्रोन सरळ वर चढवायचा, कॅमेरा शून्य अंशावर, अगदी समपातळीत ठेवायचा आणि सावकाश गोल फिरवायचा. चित्राच्या बरोबर मधल्या आडव्या रेषेवर जे येतं ते ड्रोनच्याच उंचीवर आहे. रेषेच्या वर डोकं काढणारी झाडं, टॉवर, कडे ड्रोनपेक्षा उंच. सगळं रेषेखाली जाईपर्यंत चढायचं, तो आकडा बघायचा, त्यात २० ते ३० मीटर मिळवायचे आणि तीच परतीची उंची ठेवायची. दोन मिनिटांचं काम आहे. जागा बदलली की पुन्हा करायचं. जांबोटीला लावलेला आकडा चोर्ल्याला चालत नाही.

अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरवर फार भिस्त ठेवू नका. छोट्या ड्रोनना पुढचे सेन्सर असतातच असं नाही, आणि असले तरी विजेच्या तारा, बारीक फांद्या आणि संध्याकाळचा उजेड यांपुढे ते हतबल असतात. ऊसपट्ट्यात पंपासाठी ओढलेल्या तारा शेतावरून कुठूनही कुठेही गेलेल्या असतात. वरून बघताना त्या दिसत नाहीत, त्यांचे खांब दिसतात. खांब शोधा, मग तार कुठून गेली असेल ते मनात जोडा.

आणखी एक. ड्रोननं घराची जागा नोंदली असा संदेश येईपर्यंत थांबा. उपग्रह पुरेसे मिळायच्या आधी घाईनं उडवला, तर परत कुठे यायचं हे त्यालाच ठाऊक नसतं. गोकाकच्या घळीत खाली उतरून उडवणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. दोन्ही बाजूंच्या कड्यांनी आकाश झाकलेलं, त्यामुळे उपग्रह कमी. ड्रोन जागेवर स्थिर राहत नाही, वाऱ्याबरोबर सरकतो. तिथे कडेच्या मोकळ्या माथ्यावरूनच उडवा.

लोखंडावरून उड्डाण

गाडीच्या बॉनेटवरून ड्रोन सोडणं सोयीचं वाटतं, पण बॉनेट लोखंडी आहे आणि ड्रोनमधलं होकायंत्र तिथेच फसतं. धरणाचे दरवाजे, गोकाकच्या झुलत्या पुलाचे दोर, सळ्या घातलेला सिमेंटचा कट्टा, सगळीकडे तेच. ड्रोन वर गेल्यावर गोल गोल फिरायला लागला किंवा सरळ जाताना तिरका वळायला लागला, तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. अशा वेळी घाबरून रिमोटच्या काड्या जोरात ढकलू नका. उंची घ्या, लोखंडापासून दूर व्हा, हातानं सावकाश परत आणा. होकायंत्र पुन्हा जुळवायचं असेल तर मोकळ्या मातीवर, खिशातला मोबाईल बाजूला ठेवून.

मातीचंही एक आहे. खानापूरकडची लाल धूळ आणि सौंदत्तीकडची काळी, दोन्ही मोटरीत जातात आणि गिंबल अडकवतात. गाडीतला पायपुसण्याचा रबरी मॅट काढून त्यावरून उडवा, तेवढं पुरतं. यल्लम्माच्या डोंगरावर जत्रेत भंडारा उधळतात, तो तर धुळीपेक्षा बारीक असतो. एकदा आत गेला की मऊ ब्रशनंही पूर्ण निघत नाही.

पाण्याजवळ जाताना

ड्रोनच्या पोटाखालचा कॅमेरा खालची जमीन बघून त्याला जागेवर धरून ठेवतो. वाहतं पाणी त्याला फसवतं. पाणी सरकतंय की आपण, हे त्याला कळत नाही. म्हणून पाण्यावरून अगदी खाली घासत जाणारा शॉट घेताना ड्रोन हळूहळू खाली बसतो, आणि बघता बघता पाय ओले होतात. निदान तीन-चार मीटर अंतर राखा, आणि उंचीची काडी हातातून सोडू नका.

हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं. ते बघायला आणि टिपायला खूपजण जातात. तिथे पाणी संथ असतं, त्यामुळे वारं लक्षात येत नाही. किनाऱ्यावर पान हलत नसताना पाण्याच्या मधोमध जोराचा वारा असू शकतो. नियम साधा ठेवा: जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परतताना वारा मदतीला येतो. उलट केलंत तर जाताना दोन मिनिटं लागलेलं अंतर परतताना पाच मिनिटं खातं आणि बॅटरी वाटेतच संपते. बॅटरी ५० टक्क्यांवर आली की परतीचा विचार, ३० टक्क्यांवर ड्रोन हातात. पडद्यावर दिसणारी उरलेली मिनिटं शांत हवेची असतात.

गोकाकला पावसाळ्यात घटप्रभा ५२ मीटरवरून कोसळते, वज्रपोह्याला म्हादईचं पाणी दाट रानात पडतं. दोन्हीकडे तुषार लांबवर उडतात. साधे ड्रोन पाणी सोसणारे नसतात. धबधब्याच्या अगदी तोंडाशी हवा खाली ओढली जाते, त्यात ड्रोन अचानक दहा-पंधरा फूट घसरतो. समोरून न जाता बाजूनं, अंतर राखून घ्या. खरं तर बाजूनंच धबधब्याची खोली कळते. समोरून घेतलेला गोकाक नुसता पांढरा पडदा दिसतो. बाजूनं घेतला की घोड्याच्या नालासारखा त्याचा आकार उलगडतो.

गाडीतल्या थंड एसीतून काढलेला ड्रोन पावसाळी दमट हवेत लगेच उडवला, तर लेन्सवर आतून वाफ धरते. पुसून जात नाही. पंधरा मिनिटं बाहेर तसाच ठेवा.

उंचच उंच, भराभर

आता चित्राबद्दल. इथे माझं मत ठाम आहे: आपण सगळेजण गरजेपेक्षा फार वरून शूट करतो. १०० मीटरवरून हलशीचं भूवराह नरसिंहाचं मंदिर आणि शेजारची घरं सारखीच दिसतात. कदंबांच्या त्या शिखराचे थर दिसायला कॅमेरा शिखराच्या पातळीला, थोडा बाजूला आणि सकाळच्या तिरप्या उन्हात हवा. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी. ती नसेल तर दूरच्या शेतातून, परिसरासकट घ्या. तेही चित्र वाईट येत नाही.

दुसरी खोड वेगाची. एकाच वेळी पुढे जायचं, वळायचं, वर चढायचं आणि कॅमेराही खाली झुकवायचा. बघणाऱ्याला भोवळ येते. एका शॉटला एकच हालचाल. हालचाल सुरू करण्याआधी पाच सेकंद आणि संपल्यावर पाच सेकंद चित्र स्थिर ठेवा, एडिटिंगला बसलात की त्याचं मोल कळेल. सेटिंगमध्ये गिंबलचा वेग कमी करा. सिनेमोड, म्हणजे हालचाल संथ करणारी सोय, असेल तर तोच वापरा.

चित्र थरथरतं, तुटक वाटतं, याचं कारण बहुधा शटर. भर उन्हात ऑटोवर ठेवलं तर शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान होतं आणि प्रत्येक फ्रेम कापून ठेवल्यासारखी दिसते. शटर फ्रेमच्या दुप्पट ठेवायची रीत आहे: सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १/५०, ३० असतील तर १/६०. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १००. एवढ्यानं चित्र पांढरं फटक होतं, म्हणून लेन्सवर एनडी फिल्टर लावायचा, म्हणजेच कॅमेऱ्याचा गॉगल. सकाळी आठच्या आत ८ किंवा १६ नंबरचा, दुपारी ३२ किंवा ६४ नंबरचा. पावसाळी ढगाळ दिवशी बऱ्याचदा ८ पुरतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, ऑटोवर सोडू नका. भातशेतीवरून ढगाकडे कॅमेरा उचलला की एकाच शॉटमध्ये हिरवा रंग निळा होत जातो आणि नंतर तो दुरुस्त करताना जीव मेटाकुटीला येतो. उन्हात ५५०० केल्व्हिनच्या आसपास, ढगाळ हवेत ६५०० वर बांधून ठेवा. ढग जळू नयेत म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. अंधारातला तपशील मागून काढता येतो, पांढरा झालेला ढग परत येत नाही.

कुठे उडवतोय हे न बघता उडवणं

राज्यांची हद्द ड्रोनला लागू नाही असं समजणारे बरेच भेटतात. अर्धं खरं आहे. आकाशाचा कायदा केंद्राचा आहे, ड्रोन नियम २०२१. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवं, पिवळं आणि लाल क्षेत्र दिसतं. हिरव्यात १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ५ किलोमीटरपर्यंत लाल. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळं, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. ८ ते १२ मध्ये ६० मीटरपर्यंत हिरवं, त्यावर पिवळं. सांबरा विमानतळ बेळगावच्या इतका जवळ आहे की शहराजवळ उडवण्याआधी नकाशा उघडलाच पाहिजे. सांबऱ्याला वायुदलाचंही केंद्र आहे. शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आणि कॅम्पचा सगळा लष्करी परिसर आहे. तिकडे कॅमेरा वळवायचाच नाही. कारवारला जाणाऱ्यांनी नौदलाचा तळ आणि कैग्याचा अणुऊर्जा प्रकल्प लक्षात ठेवावा. बीदरला वायुदलाचा तळ आहे.

अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो धरला जातो, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यावर दोन किलोपर्यंतचा मायक्रो. हौसेसाठी त्यालाही लागत नाही, पण पैसे घेऊन काम करत असाल तर लागतं. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मित्रांनी हे नीट वाचावं.

उरलेलं अर्धं जमिनीचं. चोर्ल्याला रस्ता एकच आहे, पण थोड्या अंतरात राज्य आणि त्याबरोबर वनखातं बदलतं. भीमगड अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन नाहीच. तिथल्या बारापेडे गुहांत फार थोड्या ठिकाणी उरलेली वटवाघळं राहतात, त्यांना त्या आवाजाची सवय नाही. खानापूरच्या रेंज ऑफिसात आधी जाऊन विचारा. कन्नड येणारा कोणी सोबत असेल तर बोलणं लवकर मिटतं.

माणसं, बैल, आग्यामोहोळ

एकदा ऊसतोडीचा शॉट घेताना बांधावरून एक काका ओरडले, "अरे पोरा, खाली घे की ते. बैलं बिचकायलीत बघ." गाडीला जुंपलेली बैलजोडी भरल्या ऊसासकट उधळली असती तर माणूस गेला असता. तेव्हापासून गाडी उभी असेल आणि गाडीवान हो म्हणेल तेव्हाच घेतो. नदीच्या घाटावर बायका धुणं धुतात, अंघोळ करतात. तिकडे ड्रोन न्यायचाच नाही. गावात आधी दोन माणसांना सांगून उडवलं तर पोरं जमतात, म्हातारी माणसं चहा देतात, आणि कुठून चांगलं दिसेल तेही सांगतात.

शिवजयंतीच्या चित्ररथांवर, जत्रेच्या गर्दीवर डोक्यावरून उडवू नका. गर्दीचं चित्र गर्दीच्या कडेनं, मोकळ्या जागेवर ड्रोन ठेवून तिरकं घेता येतं, तेही पोलिसांची परवानगी असेल तरच.

गडाच्या तटाला, पाण्याच्या टाकीला, धबधब्याच्या कड्याला आग्यामोहोळ आहे का, हे उडवण्याआधी दुर्बिणीतून किंवा मोबाईल झूम करून बघा. ड्रोन त्यांच्या जवळ गेला तर माशा खाली उभ्या माणसांवर उठतात, आणि ती माणसं म्हणजे सहलीला आलेली शाळेची पोरंही असू शकतात. घार जवळ घिरट्या घालायला लागली तर सरळ वर चढा. ती वरून झडप घालते, वर चढणाऱ्याचा पाठलाग करणं तिला जड जातं.

घरी आल्यावर दिसणारे दोष

क्षितिज तिरकं आलं तर गिंबल समपातळीत जुळवून घ्या. चित्र जेलीसारखं हलत असेल तर पात्यांच्या कडा बोटानं तपासा. एक चीरही पुरते, आणि पाती जोडीनं बदला. चित्रावर काळ्या रेषा लुकलुकत असतील तर ऊन पात्यांतून लेन्सवर पडतंय, दिशा थोडी बदला. लॅपटॉपवर चित्र अडखळतंय म्हणून फुटेज खराब समजून पुसू नका, बहुतेक वेळा लॅपटॉपलाच एच २६५, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत, पेलत नसतं. प्रॉक्सी, म्हणजे फुटेजची हलकी प्रत, करून बघा. रेकॉर्डिंग बंद करण्याआधी बॅटरी काढली गेली आणि फाइल उघडत नसेल, तर कार्ड पुन्हा त्याच ड्रोनमध्ये घालून चालू करा. बऱ्याचदा तो स्वतःच फाइल दुरुस्त करतो. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि करायचं ते ड्रोनमध्येच.

बॅटऱ्या पूर्ण भरून आठवडाभर ठेवल्या की फुगू शकतात. पुढची फेरी लांब असेल तर ५० ते ६० टक्क्यांवर आणून सावलीत ठेवा, उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नको.