सिव्हिलचं एक वर्ष परदेशात : बेळगाव भागातल्या मुलांनी या चुका टाळाव्यात

"दादा, तिकडं स्ट्रक्चरचा पेपर सुटला, पण इथं कॉलेज क्रेडिट धरायला तयार नाही." निपाणी, खानापूर, बेळगावच्या मुलांचे असे फोन मला दरवर्षी येतात. क्रेडिट म्हणजे विषय पास केल्याची पदवीत धरली जाणारी नोंद. मी स्वतः इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष जर्मनीत काढून आलोय. या मुलांची अडचण बहुतेक वेळा इथून निघायच्या आधीच तयार झालेली असते.

विषयाचं नाव बघून नोंदणी करणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. 'स्टील स्ट्रक्चर' नावाचा विषय दोन्हीकडे असतो, पण तिकडं जोडण्यांचं डिझाइन पुढच्या विषयात असेल तर आपल्या विद्यापीठाच्या लेखी तुमचा विषय अर्धाच झाला. तिकडच्या मॉड्यूल हँडबुकचं (विषयांची माहिती देणाऱ्या पुस्तिकेचं) पान आणि आपला सिलॅबस शेजारी ठेवून युनिटवार जुळवा. विभागप्रमुखांची सही घ्या आणि मगच नोंदणी करा. तिथं गेल्यावर दोन लेक्चर एकाच वेळी येतात नि विषय बदलावा लागतो, हे नेहमीचं आहे. त्याच दिवशी मेल करून नव्या यादीला मंजुरी मागा. परीक्षा झाल्यावर कळवू म्हणून मी थांबलो आणि परत येऊन तो विषय पुन्हा द्यावा लागला.

क्रेडिटचा हिशोबही वेगळा आहे. युरोपात सेमिस्टरला साधारण ३० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम, त्यात घरचा अभ्यासही धरलेला. लेक्चर कमी दिसतात म्हणून आपली मुलं एखाद-दुसरा विषय जादा घेतात आणि परीक्षेच्या तोंडावर अडकतात. गुणांचंही तसंच. जर्मनीत १.० सर्वांत चांगला, ४.० म्हणजे जेमतेम पास. इंग्लंडमध्ये ७० ला फर्स्ट क्लास मिळतो. चौसष्ट मिळाले म्हणून रडणारी आपल्याकडची हुशार मुलगी मी बघितलीय. तिथं ते चांगले गुण होते. तिला तसं कुणी आधी सांगितलं नव्हतं. गुणांचं रूपांतर कसं करणार, हे जाण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्या.

एम २५ आणि सी २५ एकच समजणं

आपण आयएस ४५६ : २००० हा काँक्रीटच्या बांधकामाचा भारतीय कोड शिकून जातो. त्यातलं एम २५ काँक्रीट म्हणजे १५० मिलिमीटरच्या क्यूबची २८ दिवसांची ताकद, २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. युरोकोडमध्ये, म्हणजे युरोपच्या बांधकामाच्या कोडमध्ये, सी २५/३० लिहितात, त्यातला पहिला आकडा सिलिंडरचा आणि दुसरा क्यूबचा. म्हणजे आपला एम २५ तिकडच्या सी २०/२५ च्या आसपास येतो. मी पहिल्याच असाइनमेंटमध्ये क्यूबची ताकद सिलिंडरच्या सूत्रात घातली. बीम कागदावर छान पास झाला, प्रत्यक्षात तो कमजोर होता. भारांचंही वेगळं आहे : आपण स्थिर (बांधकामाचं स्वतःचं वजन) आणि चल (माणसं, सामान) दोन्ही भार सुरक्षिततेसाठी १.५ ने गुणतो, युरोकोडच्या नेहमीच्या पद्धतीत स्थिर भाराला १.३५ आणि चल भाराला १.५ असतं. निघण्याआधी एकच साधा बीम दोन्ही कोडनी सोडवा आणि ती पानं वहीत जपून ठेवा. परत आल्यावर उलट्या दिशेनं हीच चूक होते, तेव्हा तीच पानं कामाला येतात.

कागदपत्रं शेवटच्या महिन्यावर ढकलणं

आपल्या मुलांच्या दहावीच्या मार्क्स कार्डवर बऱ्याचदा नाव आणि पुढं नुसती इनिशियल्स असतात, आधारवर पूर्ण नाव आणि पासपोर्टवर तिसराच क्रम. आधी पासपोर्ट नीट करून घ्या आणि अर्जात अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणे लिहा. जुन्या कागदांवर बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी असेल तर घाबरू नका, पण प्रत्येक अर्जात वेगळं स्पेलिंगही घालू नका. जन्मदाखला फक्त कन्नडमध्ये असेल तर इंग्रजीतलं प्रमाणित भाषांतर वेळेत काढा. जर्मनीला जाणाऱ्यांनी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागद तपासल्याचा दाखला, आपल्याला लागतं का, हे सर्वांत आधी तपासावं, कारण पुढचे सगळे कागद त्यावर अडतात.

पैशाची गोष्ट मला जरा सविस्तर सांगायचीय, कारण इथं आई-बाबांची फसगत होते. "चार एकर आहे की, बँक देईल," असं धरून घरची मंडळी निवांत असतात. शेतजमिनीला सरफेसी कायदा (कोर्टात न जाता बँकेला तारण जप्त करू देणारा) लागू नाही, त्यामुळं थकलेल्या कर्जात बँकेला शेत सहज जप्त करता येत नाही आणि शैक्षणिक कर्जाला ते तारण घ्यायला बँका नाखूष असतात. मग गावातल्या घराकडं वळावं लागतं. ते घर अजून आजोबांच्या नावावर असतं, पंचायतीच्या ई-स्वत्तूचे (मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचे) ९ आणि ११ नंबरचे फॉर्म निघालेले नसतात, आणि वारसा नोंदीला काकांची सही हवी असते. हे काम पंधरा दिवसांत होत नाही. मुलगा दुसऱ्या वर्षात असतानाच वडिलांनी ते हातात घ्यावं, असं मी हात जोडून सांगतो.

पुढं परदेशात नोकरीचा विचार असेल तर कॉलेज निवडतानाच विचारा : सिव्हिल शाखेला एनबीएची, म्हणजे अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, टियर १ मान्यता आहे का? इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांच्या देशात मानण्याच्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा लाभ टियर १ अभ्यासक्रमांनाच मिळतो.

आपली माती घरीच ठेवून जाणं

गोकाक-अथणीकडची काळी माती उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. घराच्या जोत्याला तडे जातात ते आपण लहानपणापासून बघतो. लंडनखालची चिकणमातीही आकसते आणि फुगते, झाडांनी पाणी ओढलं की तिथंही घरांना तडे जातात. तरी वर्गात आपलं पोरगं गप्प बसतं, इंग्रजी चुकेल म्हणून. बोलता येत नसेल तर फळ्यावर आकृती काढा. जाण्याआधी आपल्याच भागातलं हिडकल धरण आणि गोकाकचा झुलता पूल वही घेऊन बघून या, म्हणजे वर्गात सांगायला आपली उदाहरणं हाताशी असतील.

परतीच्या आधी शिक्का मारलेली गुणपत्रिका, प्रत्येक विषयाचं हँडबुकातलं पान आणि लॅबच्या वह्यांचे फोटो स्वतःच्या मेलवर घ्या. विद्यापीठानं दिलेला मेल नंतर बंद होतो, आणि क्रेडिटसाठी कॉलेज हेच कागद मागतं.