बोअर मारायची का? सभेतला मुद्दा कसा तपासावा आणि कसा मांडावा

"शेजारच्या सोसायटीला पाणी लागलं, मग आपल्यालाही लागणारच." टँकरचा खर्च वाढला की सभेत हे वाक्य येतं, माना डोलतात आणि खर्च मंजूर होतो. असं वाक्य तपासायचे शब्द न्यायशास्त्रात, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात (कायद्याशी संबंध नाही), केव्हाचे तयार आहेत.

आधी वाक्य सुटं करा. जे सिद्ध करायचं ती प्रतिज्ञा (इथे शपथेचा संबंध नाही): आपल्या आवारात पाणी लागेल. त्याचं कारण, म्हणजे हेतू: आपण शेजारी आहोत. शेजारची बोअर हे उदाहरण. 'आपलंही तसंच आहे' हा उपनय, आणि 'म्हणून पाणी लागेल' हे निगमन. पाठ्यपुस्तकी नमुना डोंगराचा: डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो, जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत, डोंगरावरही तसाच धूर आहे, म्हणून तिथे आग आहे.

आता खरी मेख: व्याप्ती. हेतू असेल तिथे साध्य (डोंगरावर आग, आपल्याकडे पाणी) असतंच का? धूर असेल तिथे आग असते. उलट मात्र चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. बोअरचं पाहा. महाराष्ट्राचा बराचसा भाग बसाल्टवर वसलाय. अखंड कातळात पाणी जवळजवळ नसतंच. ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत सापडतं. शेजाऱ्यांच्या खालची भेग कुंपण ओलांडून आपल्याकडे येईलच असं नाही. म्हणजे 'शेजारी आहोत' हा हेतू कधी पाण्याबरोबर दिसतो, कधी पाण्याविना. अशा डळमळीत हेतूला सव्यभिचार म्हणतात. हेत्वाभासांपैकी, म्हणजे हेतूसारख्या दिसणाऱ्या खोट्या हेतूंपैकी, सभांमध्ये सर्वांत जास्त भेटतो तो हाच. त्याच्याऐवजी जमिनीची विद्युतरोधकता (जमीन विजेला किती अडवते, त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतात) मोजलेला अहवाल मागा. खात्री तोही देत नाही, पण तो निदान आपल्या आवाराबद्दल बोलतो.

कुणीतरी पाणाड्याचं नाव काढेलच: "त्याने नारळ धरला तिथेच पाणी लागलं!" कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, तर त्याला काकतालीय न्याय म्हणतात. कोरड्या गेलेल्या बोअर किती, एवढंच शांतपणे विचारा.

स्वतःचं बोलण्याआधी पूर्वपक्ष मांडा. समोरच्याचं म्हणणं असं सांगा की तोच म्हणेल, "हो, मला हेच म्हणायचंय." हे मला स्वतःला फार उशिरा जमलं. त्यानंतर तुमचा उत्तरपक्ष लोक ऐकून तरी घेतात.

चर्चा कुठल्या जातीची आहे तेही ओळखा. आपण भांडणाला वाद म्हणतो, पण शास्त्रात वाद म्हणजे खरं काय ते शोधायला केलेली चर्चा. नुसतं जिंकायला बोलणं तो जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचं खोडत राहणं ती वितंडा. वितंडा घालणारा भेटला तर प्रत्युत्तरं देत बसू नका. वही उघडा आणि विचारा, "तुमचा प्रस्ताव काय? इतिवृत्तात लिहून घेतो."