कट्ट्यावर रेकॉर्ड फेकण्याआधी या चुका टाळा

‘परदेशात, प्रकाशझोतात, दुसऱ्या डावात, सहाव्या क्रमांकावर येऊन सर्वांत जलद पन्नाशी ठोकणारा पहिला डावखुरा यष्टिरक्षक.’ अशा थाटाचं वाक्य पडलं की कट्ट्यावरचे अर्धे लोक माना डोलावतात आणि उरलेले खिशातून मोबाइल काढतात. या दुसऱ्या गटापुढे तोंडघशी पडायचं नसेल, तर पुढचं वाचून ठेवा.

अटींची माळ लावणं

वरच्या वाक्यात अटी मोजा: परदेश, प्रकाशझोत, दुसरा डाव, सहावा क्रमांक, डावखुरा, यष्टिरक्षक. झाल्या सहा. इतक्या चाळण्या लावल्या तर कुणीही कशात तरी पहिला येतोच. यात कौतुक करायचं तर चाळणी लावणाऱ्याचं करावं. तपासायची रीत सोपी आहे. एकेक अट काढायची आणि दर वेळी यादीत किती नावं वाढली ते बघायचं. एक अट काढताच तुमचा गडी पहिल्यावरून चाळिसाव्यावर घसरत असेल, तर तो विक्रम घरीच ठेवा.

सगळ्यांत लबाड अट म्हणजे ‘किमान इतके डाव’. विनोद कांबळी: १७ कसोटी, २१ डाव, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. सचिन तेंडुलकर: २०० कसोटी, ३२९ डाव, १५,९२१ धावा, सरासरी ५३.७८. ‘किमान २० डाव’ लावले की कांबळी सचिनच्या वर, ‘किमान ३०’ केले की कांबळी यादीतूनच गायब. दोन्ही याद्या खऱ्या! म्हणून स्क्रीनशॉट काढताना तळाची बारीक अक्षरांतली ओळ कापू नका. दुसऱ्याने कापून पाठवली असेल तर वाद घालण्याआधी ती ओळ मागून घ्या.

सरासरी काढताना एकूण डावांनी भागणं

भागायचं ते बाद झालेल्या डावांनी. इथेच निम्म्या भांडणांचं मूळ आहे. १९५३च्या इंग्लंड दौऱ्यात ऑस्ट्रेलियाचा तळाचा फलंदाज बिल जॉन्स्टन १७ डावांत १६ वेळा नाबाद राहिला. धावा १०२, सरासरीही १०२! १९९९च्या विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेच्या लान्स क्लूसनरने २८१ धावा केल्या आणि तो दोनदाच बाद झाला, म्हणून सरासरी १४०.५०. क्लूसनर गोलंदाजांना फोडून काढत होता, जॉन्स्टन बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाला उभा होता, पण सरासरीच्या रकान्याला त्याचा पत्ता नसतो. नुसती सरासरी सांगू नका. धावा, डाव आणि नाबाद हे तिन्ही आकडे सोबत द्या.

ब्रॅडमनच्या ९९.९४बद्दल ‘चारच धावा कमी पडल्या हो’ अशी हळहळ सगळेच व्यक्त करतात. हिशोब असा: ८० डाव, १० वेळा नाबाद, ६९९६ धावा, म्हणजे ६९९६ भागिले ७०. १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात इंग्लंडचा गोलंदाज होलिसने त्याला शून्यावर उडवलं. चार धावा करून बाद झाला असता तर नेमके १००. पण एकही धाव न करता तो नाबाद राहिला असता, तर भागाकार ६९ने झाला असता आणि सरासरी १०१.३९ भरली असती. पुढच्या वेळी हळहळीऐवजी हे सांगा, चहा समोरचा पाजेल.

‘पहिला’ म्हणून मोकळं होणं

वनडेतलं पहिलं द्विशतक कुणाचं? सचिन, ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१० असं उत्तर आलं की सामना गेला. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १६ डिसेंबर १९९७ रोजी डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ केल्या होत्या, त्याही आपल्या मुंबईत. ‘पुरुषांच्या वनडेत’ एवढे दोन शब्द आधी जोडले की सचिनचा विक्रम अबाधित.

तीच गत भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ची. १९४८ साली पुण्यात महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या असताना काठियावाडने सामनाच सोडून दिला आणि ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ला गाठायला नऊ धावा कमी पडल्या. ही गोष्ट सांगताना ‘कसोटी’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. दोन्ही खेळ्या प्रथम श्रेणीतल्या, आणि निंबाळकरांना अधिकृत कसोटी खेळायला मिळालीच नाही, जे त्या नऊ धावांपेक्षा जास्त बोचायला हवं.

गोलंदाजीचं पृथक्करण अर्धवट वाचणं

बापू नाडकर्णी, मद्रास, जानेवारी १९६४: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. सलग निर्धाव षटकं २१. २७ हा एकूण आकडा. सलग निर्धाव चेंडू १३१, त्यातले १२६ या २१ षटकांचे आणि पाच आजूबाजूच्या षटकांतले. शेवटचं शून्य गाळून ‘इंग्लंडचं कंबरडं मोडलं’ म्हणू नका, सामना अनिर्णित राहिला होता.

९.४ षटकं कॅल्क्युलेटरमध्ये तशीच टाकणं

९.४ म्हणजे नऊ षटकं आणि चार चेंडू, एकूण ५८ चेंडू. ५८ धावा भागिले ९.४ केलंत तर ६.१७ येईल, खरं उत्तर ६.००. आधी चेंडू काढा, धावांना चेंडूंनी भागा, मग सहाने गुणा. नेट रनरेटमध्ये (आपली धावगती वजा प्रतिस्पर्ध्यांची धावगती) आणखी एक खड्डा आहे: संघ सर्वबाद झाला तर पूर्ण षटकं धरतात. टी-२०त १५ षटकांत १२० वर गारद झालेल्यांची धावगती ८ नाही, ६.

‘सचिनचं शतक म्हणजे पराभव’

४९ वनडे शतकांपैकी भारत ३३ वेळा जिंकला, १४ वेळा हरला, एक सामना टाय, एक अनिर्णित. तरी ही अफवा मरत नाही, कारण हरलेल्या सामन्यांतलं शारजातलं १४३ आणि हैदराबादचं १७५ डोक्यात घर करून बसलंय. शारजात दोनच दिवसांनी १३४ करून अंतिम सामना जिंकला, तो मात्र या हिशोबातून निसटतो. चेन्नईचं १३६ यात घुसवणारे तर महाभागच. ती कसोटी होती.

योगायोगाला कारण चिकटवायचंच नसेल, तर केपटाऊन घ्या. ११ नोव्हेंबर २०११, सकाळचे ११ वाजून ११ मिनिटं, दक्षिण आफ्रिकेला हव्यात १११ धावा. क्रिकेटमध्ये १११ हा आकडा अपशकुनी मानतात, म्हणून पंच इयन गूल्ड एका पायावर उभे. आफ्रिका आठ गडी राखून जिंकली. तो आठ कुठे बसवायचा, याची खटपट अजून कुणी केलेली दिसत नाही.