हवामान-वित्तात यायचंय? आधी एक रोखा (बाँड) मुळापासून वाचा

एम.ए. संपत आलं की मुलं-मुली विचारतात, "मॅडम, क्लायमेट फायनान्ससाठी, म्हणजे हवामान बदलाच्या कामांना पैसा उभा करण्याच्या क्षेत्रासाठी, कोणता कोर्स करू?" कोर्सचं नंतर बघू, असं मी सांगते. मुलाखतीला येणाऱ्या बहुतेकांना पॅरिस करार पाठ असतो, पण रोख्यांवरचं व्याज कोण आणि कशातून भरणार, हे विचारलं की अडखळतात. म्हणून आधी एक प्रकल्प धरा आणि त्याचा पैसा कुठून आला, कुठे गेला, कसा फिटणार, ते तपासा.

मी इंदूरपासून सुरुवात करायला सांगते. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने ८.२५ टक्के व्याजाने २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठीच पैसा उभारणारे रोखे) थेट सामान्य गुंतवणूकदारांना विकले. कारण सरळ होतं: खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून नर्मदेचं पाणी उपसून शहरात आणायचं तर विजेचं बिल प्रचंड. त्यासाठी तिथेच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प.

आता एक्सेल उघडा. पहिल्या वर्षाचं व्याज साधारण २० कोटी. प्रकल्प वर्षभरात क्षमतेच्या २० टक्के चालेल असं धरलं, तर वीज होते साडेदहा कोटी युनिट. म्हणजे युनिटमागे १ रुपया ९० पैसे नुसतं व्याजच. त्यात मुद्दल आणि देखभाल मिळवा, मग महापालिका वीज कंपनीला जो दर देते त्याच्याशी ताडून बघा. क्षमता १७ टक्के धरली तर काय होतं, तेही करा. त्यानंतर रोख्यांच्या माहितीपत्रकातलं परतफेडीचं प्रकरण वाचा: घरपट्टी-पाणीपट्टीचा पैसा आधी एस्क्रो खात्यात (ठरलेल्या कामासाठीच राखलेल्या खात्यात) जातो का, वसुली घटली तर काय? हे एवढं नीट केलेला उमेदवार मला दहा प्रमाणपत्रांपेक्षा मोलाचा वाटतो.

पुढे केंद्र सरकारचे रोखे घ्या. जानेवारी २०२३ मधल्या पहिल्या लिलावात ८,००० कोटी उभे राहिले, तेही साध्या सरकारी रोख्यांपेक्षा ५-६ बेसिस पॉइंट (०.०५-०.०६ टक्के) कमी दराने. वाचायला भारी वाटतं, पण वर्षाची बचत होते चार-पाच कोटी. पैसा जमा होतो भारताच्या एकत्रित निधीतच, म्हणजे सरकारच्या मुख्य खात्यात. माझ्या मते या रोख्यांचं खरं मोल व्याजाच्या बचतीत नाही. कोणत्या कामावर किती खर्च झाला याचा हिशेब सरकारला वेगळा ठेवून जाहीर करावा लागतो, तिथे आहे. तो अहवाल शोधून वाचाच.

थिअरीपैकी एक गोष्ट पक्की हवी, ती म्हणजे वटाव दर, भविष्यातल्या रकमेची आजची किंमत काढायला वापरतात तो दर. ५० वर्षांनी होणारं १०० कोटींचं नुकसान ३ टक्के दराने आज सुमारे २३ कोटींचं ठरतं, ८ टक्क्यांनी जेमतेम २ कोटींचं. किनाऱ्यावरची भिंत बांधायची की नाही, हे कित्येकदा या एका आकड्यावर ठरतं. तो कुणी आणि का निवडला, हे विचारायला मुळीच कचरू नका.

नोकऱ्या कुठे आहेत? बँकांच्या जोखीम विभागात, पतमानांकन संस्थांत, धोरण-संशोधन संस्थांत. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांमुळे मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरणाचा अहवाल द्यावा लागतो, तिथेही. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाल्याने पोलाद आणि अॅल्युमिनियम निर्यातदारांनाही कार्बनचा हिशेब जाणणारी माणसं लागताहेत. शिकायला पुण्याची गोखले संस्था किंवा गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था उत्तम, मात्र अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचा विषय) टाळू नका.

आणि अर्ज करताना सोबत दोन पानांचं टिपण जोडा. विषय हवा असेल तर मुंबई महापालिकेचं हवामान अंदाजपत्रक (क्लायमेट बजेट) घ्या, २०२४ पासून ते निघतंय. त्यातलं एखादं काम निवडा आणि ते हवामान बदलासाठीच होतं, की नेहमीच्या नालेसफाईला नवं लेबल लागलं, हे आकड्यांनिशी मांडा. टिपण मराठीत लिहिलंत तरी चालेल. वॉर्डातल्या लोकांना ते वाचता आलं पाहिजे.