नव्या ट्रकची बॅटरी सारखी उतरतेय? या चुका टाळा

शोरूममधून गाडी येऊन दोन-तीन महिने झालेले, हप्ते नुकते सुरू झालेले, आणि सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ नुसता टक-टक करतो. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये, तळोजा एमआयडीसीत, न्हावा शेवा बंदराच्या रांगेत हे नेहमी बघायला मिळतं. शेजारच्या गाडीवरून केबल लावली की गाडी चालू होते, भाडं सुटतं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग मालक वैतागून म्हणतो, बॅटरीच खराब निघाली, बदलून आणा.

पहिली चूक इथेच होते. बॅटरी उतरण्याची कारणं तीनच: ती पुरती भरत नाही, गाडी उभी असताना कुणीतरी ती खातंय, किंवा ती स्वतःच धरून ठेवत नाही. नव्या गाडीत तिसरं कारण असू शकतं, पण आधी पहिली दोन तपासा. ती तशीच राहिली, तर नवी बॅटरीही महिनाभरात त्याच वाटेने जाते.

दोन्ही बॅटऱ्या मिळून मोजणं

ट्रकची सिस्टीम 24 व्होल्टची, म्हणजे 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये (एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला जोडलेलं). बरेच जण मीटरच्या पिना दोन टोकांना लावतात, 24.5 दिसलं की म्हणतात ठीक आहे. हा आकडा फसवतो. गाडी काही तास बंद ठेवून प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. 12.6 ते 12.7 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे साधारण पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी, आणि 12 च्या खाली गेली तर जवळपास रिकामी.

तुर्भ्याला एपीएमसीबाहेर उभ्या असलेल्या एका नव्या गाडीचा ड्रायव्हर सांगत होता, "दादा, कंपनीने बॅटरी बदलून दिली, तरी सकाळी उठतच नाही." बॉक्सचं झाकण काढलं. एक बॅटरी 12.7, दुसरी 11.8. बेरीज 24.5! दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या केबलच्या नटाखाली एक बारीक लाल वायर दाबलेली होती. ती केबिनमध्ये गेली होती; म्युझिक सिस्टीम, मोबाइल चार्जर आणि छोटा पंखा, सगळं तिच्यावर.

नव्या गाडीत मला सगळ्यात जास्त सापडणारं कारण हेच. 12 व्होल्टचा सामान लावायचा म्हणून वायरमन एकाच बॅटरीतून सप्लाय काढून देतो. काम पाच मिनिटांत होतं आणि स्वस्तात होतं. पण इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या डायनमोचा (अल्टरनेटरचा) रेग्युलेटर फक्त एकूण व्होल्टेज बघतो, कुठली बॅटरी उपाशी आहे हे त्याला कळत नाही. 28 व्होल्ट दिले तर उतरलेल्या बॅटरीच्या वाट्याला 13 येतात आणि भरलेलीवर 15 चढतात. एक कायम अर्धपोटी राहते, दुसरी उकळून पाणी संपवते. थोड्याच महिन्यांत दोन्ही जातात.

उपाय ठरलेला आहे: 24 ते 12 व्होल्टचा कन्व्हर्टर, लोडला पुरेल इतक्या अँपिअरचा, स्वतंत्र फ्यूज टाकून आणि इग्निशनवरून सप्लाय घेऊन. ती मधली वायर काढून टाका आणि दोन्ही बॅटऱ्या उतरवून वेगवेगळ्या चार्जिंगला लावा. बदलायची वेळ आली तर जोडीच बदला, एकाच कंपनीची आणि एकाच अँपिअर-अवरची (म्हणजे सारख्याच क्षमतेची).

केबल लावून चालू केली, की विसरून जाणं

पूर्ण उतरलेली बॅटरी कळंबोली ते तळोज्यासारख्या छोट्या फेऱ्यांत भरत नाही. शेवटचा हिस्सा तर फारच हळू चढतो. चार्जरवर रात्रभर लावावीच लागते. उतरलेल्या अवस्थेत ती जितके दिवस राहील तितकं प्लेटांवर सल्फेट धरतं आणि क्षमता कायमची घटते. म्हणून डिलिव्हरी घेतानाच बॅटरीवरची उत्पादनाची तारीख बघा. यार्डात महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या चासीची बॅटरी तुमच्या ताब्यात येण्याआधीच दमलेली असू शकते.

उभ्या गाडीतली गळती न शोधणं

सीरिजमधल्या 100 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या म्हणजे 200 नव्हे. क्षमता 100 च राहते. अर्धा अँपिअर गळती असली तरी दिवसाला 12 अँपिअर-अवर जातात, चार दिवसांत जवळपास निम्मी बॅटरी. रात्री पार्किंग लाइट चालू राहिल्या आणि 5 वॉटचे दहा दिवे असले, तर आठ तासांत 16-17 गेले. पोर्टच्या रांगेत इंजिन बंद करून पंखा-लाइट चालवताना हा हिशेब डोक्यात ठेवा.

गळती मोजायला डीसी क्लॅम्प मीटर अर्थच्या केबलवर लावा. सगळं बंद, दारं बंद, आणि निदान अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कंट्रोलर लगेच झोपत नाहीत. काही मिलिअँपिअर चालतात, जीपीएस ट्रॅकरमुळे थोडे वाढतात. त्याहून बरेच जास्त दिसले तर लगेच फ्यूज उपटू नका, कंट्रोलर पुन्हा जागे होतात. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांत मिलिव्होल्ट मोजा. जिथे आकडा येतो तिथून करंट वाहतोय. एकाही फ्यूजवर काही नाही? मग थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरी आणि डायनमोचा डायोड बघा.

टर्मिनल काढून डायनमो तपासणं

जुन्या गाड्यांवर ही सवय होती. प्रदूषणाच्या बीएस-6 नियमातल्या नव्या गाडीवर अजिबात करू नका. इंजिन चालू असताना बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो, ज्याचा खर्च बॅटरीच्या कितीतरी पट आहे. थोडा रेस देऊन बॅटरीवर व्होल्टेज मोजा: 27.5 ते 28.5 हवं. कमी असेल तर डायनमोच्या टोकावर मोजा. तिथे बरोबर आणि बॅटरीवर त्याहून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरकाने कमी येत असेल, तर वायर किंवा जोड ढिला आहे.

बॉडी बांधून आलेल्या गाडीत अर्थिंग आवर्जून बघा. रंगावरच लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) आवळलेला असतो. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यात अर्धा व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर रंग खरवडून पुन्हा आवळा. उरणकडच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर लवकर चढतो. गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा.

गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीचा कट-ऑफ स्विच जरूर बंद करा, पण इग्निशन बंद केल्याबरोबर नको. धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाचा पंप गाडी बंद झाल्यावर लाइन रिकामी करतो, त्याला मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ द्या.

आणि सर्व्हिस सेंटरला जाल तेव्हा प्रत्येक बॅटरीचं रीडिंग, चार्जिंग व्होल्टेज आणि गळतीचा आकडा जॉब कार्डावर लिहून घ्या. बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा बॅटरी कंपनीची, गाडीची वेगळी असते. बाहेरून ओढलेली वायर दिसली की क्लेम अडकतो, म्हणून ती आधी काढा.