बूथच्या डायरीचं कोडं सोडवायचंय? फाटलेली पानं आधी बाजूला ठेवा

लिंकनचा खून करून पळालेल्या जॉन विल्क्स बूथच्या डायरीबद्दल वाचायला घेतलं की आधी समोर येतात ती गायब पानं, आणि माणूस तिथेच अडकतो, कोणी फाडली, कोणाची नावं होती वगैरे. तिथून सुरुवात करू नका. जी पानं शिल्लक आहेत ती आधी वाचा, मोठ्या नोंदी दोनच आहेत, नेटवर मजकूर मिळतो.

वाचताना तारखा लक्षात ठेवा. 14 एप्रिल 1865ला वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये गोळी झाडली, 26 एप्रिलला व्हर्जिनियात तो मारला गेला, म्हणजे फरारीपणाचे जेमतेम बारा दिवस. वही मात्र 1864ची, छापील तारखांची, आदल्या वर्षीची. त्यामुळे जे पान नाही ते या बारा दिवसांतलंच असणार असं धरून चालू नका.

मग एका कागदावर मधोमध रेघ मारा, डावीकडे बूथ काय म्हणतो, उजवीकडे बाकीचे काय म्हणतात. तो लिहितो की गोळी झाडायच्या आधी घोषणा दिली, बहुतेक साक्षीदार म्हणतात नंतर. तो म्हणतो मोडक्या पायाने त्या रात्री साठ मैल घोडा फेकला, पण पहाटे तो पोचला पायावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मडच्या घरी, वॉशिंग्टनपासून ते अंतर तीसेक मैल. उपाशी, भिजलेला, सगळे मागावर असलेला माणूस स्वतःला हिरो करून लिहितोय हे एकदा दिसलं की प्रत्येक ओळ वेगळी वाचता येते.

आता पानांकडे या. 1977मध्ये एफबीआयने वही तपासली, 43 कागद कमी निघाले आणि अदृश्य शाईचं काही सापडलं नाही. स्टुअर्ट नावाच्या डॉक्टरने घरात झोपायला जागा दिली नाही म्हणून बूथने याच वहीचं पान फाडून त्याला चिठ्ठी लिहिली होती, आधी पाच डॉलर देऊ केले, मग विचार बदलून अडीचच, पाचवाला मसुदा डायरीतच राहिला. म्हणजे पानं फाडायची सवय त्याची स्वतःची, हे मला कुठल्याही कटाच्या थिअरीपेक्षा जास्त पटतं. 1970च्या दशकात हरवलेली पानं सापडल्याचा गाजावाजा झाला, पण मूळ कागद लोकांसमोर आलेच नाहीत. मूळ कागद नाही तर त्यावर वेळ घालवू नका.

त्यानंतर वही कोणाकोणाच्या हातून गेली ते लिहून काढा, कारण माझ्या मते खरं कोडं इथे आहे. मृतदेहावरून निघालेली डायरी युद्धमंत्री स्टँटनकडे गेली आणि बूथच्या साथीदारांवरच्या 1865च्या खटल्यात पुढे आलीच नाही. आपल्याकडे वासुदेव बळवंत फडक्यांची डायरी 1879च्या खटल्यात त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली, इथे उलटं झालं. 1867मध्ये ती बाहेर आली तेव्हा डिटेक्टिव्ह लाफायेट बेकर म्हणाला मी दिली तेव्हा पानं जास्त होती, स्टँटन म्हणाला माझ्याकडे आली तेव्हाच ती नव्हती.

शेवटी पहिली नोंद परत उघडा. सुरुवातीलाच बूथ लिहितो की सहा महिने आम्ही लिंकनला पकडून न्यायची तयारी करत होतो. पकडायची, मारायची नाही. ही ओळ आरोपींच्या वकिलांना मिळाली असती तर? 7 जुलै 1865ला या आरोपींपैकी चौघांना फाशी झाली, त्यात मेरी सरॅट ही बाईही होती, आणि तोपर्यंत डायरी सरकारकडेच होती.